नावानिशी

ही गोष्ट एका डॉक्टरांची. त्यांचं नाव सांगत नाही. सरकारी माणसाला हुद्द्यानं ओळखायची आपल्याकडं रीतच आहे, आणि डॉक्टरांनाही ती बरीच वर्षं गोड लागली. आधी वैद्यकीय अधिकारी म्हणून एमओ साहेब, मग तालुका आरोग्य अधिकारी म्हणून टीएचओ साहेब, पुढं नुसतेच साहेब.

मूळचे जत तालुक्यातले. शिक्षण मिरजेच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी तिथं मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून पार कर्नाटकातले रोगी मिरज स्टेशनावर उतरत आलेत. बरोबरीच्या मित्रांनी तिथंच कुठल्याशा गल्लीत पाटी लावायचं ठरवलं. यांनी सरकारी नोकरी धरली, कारण घरात दोन बहिणींची लग्नं व्हायची होती आणि पाटी लावायला भांडवल नव्हतं. यात ध्येयवाद वगैरे शोधू नये.

पहिली नेमणूक सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर. दहिवडी-म्हसवडचा तो भाग पावसाच्या नावानं कोरडा. घरटी एक माणूस मुंबईला माथाडीत, नाहीतर मेंढरं घेऊन बाहेर. गावात राहिलेल्या बायका, म्हातारी माणसं आणि पोरं. म्हणजे आरोग्य खात्याचं सगळं गिऱ्हाईक गावातच. डिसेंबर १९९५ मध्ये पल्स पोलिओची पहिली फेरी झाली, जानेवारीत दुसरी. त्या धामधुमीत डॉक्टरांनी एक चांगली सवय लावून घेतली. महिन्यातून एकदा प्रत्येक उपकेंद्राचं लसीकरण रजिस्टर ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीशी ओळ न् ओळ ताडून बघायचं. इतका खटाटोप करणारा एमओ विरळा. बहुतेक जण शेवटच्या पानावर सही करून मोकळे होत.

एका उपकेंद्रावर ताळमेळ बसेना. ग्रामसेवकाच्या वहीत एक मुलगी होती, नाव नकोशी. आरोग्यसेविकेच्या रजिस्टरात त्याच आईची, त्याच तारखेची मुलगी होती, नाव सुमन. आणखी खाली पाहिलं तर असे दोन-तीन घोळ.

"सिस्टर, हे काय?"

"तीच पोरगी आहे सर. घरात तिला नकोशी म्हणतात. तिसरी मुलगी ना."

"मग सुमन कुठून आली?"

"मी लिहिलं."

सिस्टर कोरेगावकडच्या. बारा-तेरा वर्षांची नोकरी झालेली, व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून एसटीनं आणि उरलेली वाट पायी. डॉक्टरांपेक्षा वयानं मोठ्या होत्या, पण हुद्द्यानं खाली. डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं. एका बाळाच्या दोन नावांनी नोंदी झाल्या की बाळं दोन होतात. बाळं दोन झाली की टक्केवारी चुकते, आणि टक्केवारी चुकली की एखादं लस न मिळालेलं पोर मिळालेल्यांत दडून बसतं. गोवराला तेवढं पुरतं.

डॉक्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं, हे इथंच सांगून ठेवतो. बोधकथेत साहेबाला मूर्ख ठरवणं फार सोपं असतं.

"दुरुस्ती करा," ते म्हणाले. "गिरवू नका. लाल शाईनं एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर नाव आणि सही."

सिस्टरनी रेघ मारली. वर 'नकोशी' लिहिलं. डॉक्टरांनी बाजूला आपल्या नावाची आद्याक्षरं टाकली.

त्याच दिवशी ट्रिपल लसीचा डोस द्यायला दोघं त्या घरी गेले. आजी अंगणात शेंगा फोडत बसली होती. डॉक्टरांनी सहज, थोडं उपदेशाच्या सुरात, विचारलं की असं नाव का ठेवलं. आजी अजिबात ओशाळली नाही.

"आवं डाक्टर, माज्या भावाचं नाव दगडू. तीन गेली आन् चौथा जगला, म्हून दगडू. मग काय त्यो दगड व्हता व्हय?"

डॉक्टरांकडं उत्तर नव्हतं. सिस्टरकडं होतं.

"दगडूला कुणाची नजर लागू नये म्हणून दगडू म्हटलं, आजी. हिला लागली तरी चालंल, असं आहे का?"

"नजरंचं न्हाय गं बाई. देवाला कळावं म्हून. आता पुरं झाल्या म्हून."

सुई टोचली तशी पोर टाहो फोडून रडायला लागली. आईच्या आधी आजीच उठली. पोरीला पदरात घेऊन अंगणभर फिरली, डॉक्टरांना दोन शिव्याही घातल्या. जिचं नाव नकोशी ठेवलं तिच्यावर एवढी माया कशी, हे कोडं डॉक्टरांना त्या वेळी पडलं नाही. ते कार्डावर पुढच्या डोसची तारीख लिहीत होते.

आता डॉक्टर वर चढतात. तो भाग भराभर सांगतो, कारण बढत्या सगळ्यांच्या सारख्याच असतात. सेवेत असतानाच पदव्युत्तर शिक्षण. सांगली जिल्ह्यात बदली. आटपाडी-जतच्या टँकरच्या पाण्याचे नमुने, मिरज पूर्वचा गॅस्ट्रो, तालुक्याची जबाबदारी. २००५ साली कृष्णेनं सांगलीत घरात घुसून पाणी दाखवलं, तेव्हा मात्र त्यांचं काम उठून दिसलं. पूर चढताना सगळं गाव बघायला येतं. पूर ओसरल्यावर जे करायचं असतं ते बघायला कुणी येत नाही. गाळ काढलेल्या विहिरीत टीसीएल पावडर किती आणि कधी टाकायची, नळाच्या शेवटच्या टोकाला क्लोरीन पोचल्याचं दाखवणारी ओटी टेस्ट पिवळी होते का, जनावरांची मढी कुठं पुरली, पायाला जखम असलेला कोण अजून चिखलात राबतोय. डॉक्टर रोज पहाटे निघत. त्यांच्या हद्दीत साथ आली नाही. न आलेल्या साथीचा सत्कार होत नसतो, पण वरिष्ठांच्या ध्यानात राहिलं.

या चढणीत एक गोष्ट घडत गेली, आणि ती फक्त त्यांच्याच बाबतीत घडली असं नाही. आरोग्य खात्याचा जिनाच तसा बांधलेला आहे. उपकेंद्राच्या रजिस्टरात एक मुलगी असते. तिला आई असते, घर नंबर असतो, डाव्या दंडावर बीसीजीची खूण असते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मासिक अहवालात ती एका रकान्यातला एक होते. तालुक्याला ती बेरजेत जाते, जिल्ह्याला टक्क्यात. मंडळाच्या कार्यालयात, म्हणजे साताऱ्याची असेल तर पुण्याला आणि सांगलीची असेल तर कोल्हापूरला, ती आलेखावरची रेघ किंचित वर उचलते. मुंबईला आरोग्य भवनात ती रेघसुद्धा इतर रेघांत मिसळते. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं नाव गळत जातं. हे कुणाच्या दुष्टाव्यानं होत नाही. लाखो माणसांचा हिशेब नावानिशी कोण वाचणार? २००९-१० नंतर गरोदर माता आणि बाळं नावानिशी संगणकावर चढवायची मोठी योजना आली. नावं चढली. बैठकीत मात्र सगळे पडद्याच्या तळाची टक्केवारीच बघत.

२०११ साली डॉक्टर कोल्हापूरच्या मंडळ कार्यालयात होते. मार्चमध्ये जनगणनेचे पहिले आकडे आले. सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागं ८८३ मुली. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. साताऱ्यात ८८१. पुढं अंतिम आकडे थोडे सुधारून आले, पण त्या उन्हाळ्यात सगळ्या कार्यालयांत एकच धावपळ होती. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रानं १९८८ सालीच केला होता, देशाचा कायदा १९९४ चा, आणि तरी ही गत. साताऱ्यात वर्षा देशपांडे यांचं लेक लाडकी अभियान गरोदर बाईला सोबत घेऊन सापळे रचत होतं, असं निदान करणारे डॉक्टर पकडून देत होतं. कोल्हापुरात जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुखांनी सोनोग्राफीच्या यंत्रांना तपासण्यांची नोंद ठेवणारे 'सायलेंट ऑब्झर्व्हर' बसवले होते. डॉक्टरांच्या टेबलावर रोज तक्ते यायचे. किती केंद्रं तपासली, किती सील केली. बरेच रकाने 'निरंक'.

आणि ऑक्टोबरात त्यांच्या कानावर साताऱ्याची बातमी आली. जिल्ह्यातल्या 'नकोशी' आणि 'नकुसा' नावाच्या मुली शोधल्या जातायत, त्यांना नवीन नावं देणार. कल्पना तिथले तेव्हाचे जिल्हा आरोग्य अधिकारी डॉ. भगवान पवार यांची. आकडा निघाला २८५.

आकड्यानं डॉक्टर हलले नाहीत. आकडे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. त्यांना थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. जिल्ह्यानं खाली 'किती' असं विचारलं नव्हतं, 'कोण कोण' असं विचारलं होतं. आणि खालून उत्तर आलं होतं. जी माहिती इतकी वर्षं शाळेच्या हजेरीत, अंगणवाडीच्या वहीत, उपकेंद्राच्या रजिस्टरात रोज हाक मारल्यासारखी पडून होती, ती वर कुणी मागितलीच नव्हती.

त्यांनी किरकोळ रजा टाकली आणि समारंभाच्या आदल्या दिवशी माणला गेले. गाडी नेली नाही. रजेवर असताना सरकारी गाडी वापरायची नाही, हा नियमही त्यांनी कधी मोडला नव्हता.

उपकेंद्राची इमारत नवी झाली होती. सिस्टर त्याच, डोक्यावर पांढरं आलेलं, निवृत्ती जवळ आलेली. जुनी रजिस्टरं पत्र्याच्या पेटीत होती, कोपऱ्यांना वाळवी लागलेली. १९९६ चं रजिस्टर निघालं. पान सापडायला वेळ लागला नाही. लाल शाई उडून फिकट गुलाबी झाली होती, इतकी की रेघ आहे की पानाची घडी, कळू नये. तिच्याखाली निळ्या अक्षरात 'सुमन' स्वच्छ वाचता येत होतं. वरचं 'नकोशी' दाबून लिहिल्यानं मागच्या पानावर उठलं होतं. आणि बाजूला डॉक्टरांची आद्याक्षरं, तरुणपणीची, शेवटच्या अक्षराला ऐटदार शेपटी असलेली.

"मला वाटलं होतं तुम्ही विसरला असाल," सिस्टर म्हणाल्या.

"विसरलोच होतो."

त्यांच्या मनात एक बेत होता. मुलगी आता पंधराची, दहावीत. उद्याच्या यादीत तिचं नाव होतं. तिला तिचं खोडलेलं नाव परत द्यायचं. ज्यानं रेघ मारायला लावली त्यानंच ती पुसायची. सुंदर बेत होता, एखाद्या सत्कार समारंभात सांगण्याजोगा. रजिस्टर काखेत मारून दोघं तिच्या घरी गेले.

पोर ओट्यावर अभ्यास करत होती. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, बोट ठेवून दाखवलं, आणि जरा गहिवरून सांगितलं की बाळ, तुझं नाव या बाईंनी तेव्हाच ठेवलं होतं. सुमन.

मुलीनं वाकून पाहिलं. मग सिस्टरकडं पाहिलं.

"सुमन आमच्या चुलतीचं नाव हाय."

"म्हणजे... तुला नको?"

"जुनाट वाटतंय. मी प्रियांका घेणाराय. मॅडमना सांगितलंय."

वहीच्या पहिल्या पानावर तिनं ते आधीच लिहून ठेवलं होतं, तीन तऱ्हेच्या अक्षरांत, आणि त्यातल्या एकाला खाली फुलाची वेल काढली होती. डॉक्टरांनी विचारलं, प्रियांकाच का? ती म्हणाली, आवडतं म्हणून. यापेक्षा जास्त कारण साहेबाला द्यायची तिला गरज वाटली नाही.

सिस्टरना हसू आवरेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बरोबर आहे सर. तुम्ही माझं खोडलंत ते मला लागलं होतं. पण मी तरी कुणाला विचारून लिहिलं होतं? ही सहा महिन्यांची होती, ठीक. हिच्या आईला विचारायचं होतं की नाही?"

आई चुलीपाशी होती. तिला आत्ताही कुणी विचारलं नव्हतं. सिस्टरच उठून आत गेल्या. आईनं सांगितलं की तिला वैशाली आवडायचं, पण आता पोरीचं जे ठरलंय ते ठरलंय. आजी खाटेवर होती, दृष्टी गेलेली, ऐकू मात्र खणखणीत येत होतं.

"म्या नकूच म्हणणार," तिनं जाहीर केलं.

"म्हण की," नात म्हणाली. "दाखल्यावर न्हाय ना ते."

दुसऱ्या दिवशी, २२ ऑक्टोबरला, साताऱ्यात समारंभ झाला. दिवाळी चार दिवसांवर होती. ठेवणीतले कपडे, वेण्यांना रिबिनी, हातात फुलांचा गुच्छ आणि नव्या नावाचं प्रमाणपत्र. कुणी सिनेमातल्या नटीचं नाव घेतलं होतं, कुणाचं घरच्यांनी सुचवलं होतं. परदेशी वार्ताहरांनीही दखल घेतली, बातमी जगभर गेली. डॉक्टर मागच्या रांगेत उभे होते. त्यांना कुणी ओळखलं नाही.

इथं गोष्ट संपवायचा मोह कुणालाही होईल. पण डॉक्टरांना कागदाची जात माहीत होती. प्रमाणपत्र भिंतीवर लावता येतं, त्यानं बोर्डाचा फॉर्म भरता येत नाही. दहावीची आवेदनपत्रं त्याच दिवसांत भरली जात होती. शाळेच्या जनरल रजिस्टरला जे नाव तेच बोर्डाला, बोर्डाच्या गुणपत्रिकेवर जे नाव तेच पुढं जन्मभर. परत जाण्याआधी ते मुख्याध्यापकांना भेटले. मुख्याध्यापक सज्जन होते आणि नियमाला पक्के होते. डॉक्टरांना त्यांच्यात कुणीतरी ओळखीचं दिसलं.

"पालकांचा अर्ज हवा, प्रतिज्ञापत्र हवं, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. माझ्या अधिकारात नाही, साहेब."

"सर, माझ्या वडिलांच्या दाखल्यावर जिल्हा 'दक्षिण सातारा' आहे. १९४९ ला तुमचा सातारा तोडून तो केला आणि १९६० ला त्याचं नाव बदलून सांगली केलं. अख्ख्या जिल्ह्याचं नाव बदलतं, मग एका पोरीचं का अडावं?"

"जिल्ह्याला शासनाचा आदेश होता. हिचा आणा."

डॉक्टर हसले आणि कामाला लागले. अर्जाचा मसुदा त्यांनी स्वतः लिहिला. मुलीचे वडील मुंबईला होते, त्यांना दोन दिवसांचा खाडा करून यायला लावलं. त्यासाठी फोनवर जी बोलणी झाली ती इथं लिहिण्यासारखी नाहीत. प्रतिज्ञापत्र, साक्षीदार, गावच्या जन्मनोंदीचा उतारा, शाळेचं पत्र, जावक क्रमांक. नोकरीत शिकलेली सगळी विद्या त्यांनी एका नावासाठी लावली. फाइल कुठल्या टेबलावर झोपते, कुणाला नुसता फोन पुरतो आणि कुणासमोर स्वतः जाऊन बसावं लागतं, हे माहीत असणं ही प्रशासनातली निम्मी लायकी असते. फॉर्म वेळेत गेला. गावोगावच्या बाकीच्या मुलींसाठी बाकीच्या सिस्टर, शिक्षक, ग्रामसेवक अशाच खेपा घालत असतील, नसतील. समारंभाच्या बातमीत त्याला जागा नसते.

पुढं डॉक्टर सांगलीला मोठ्या हुद्द्यावर आले. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळचं प्रकरण उघडकीला आलं. कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेलं गाव. गर्भपात करताना एक बाई दगावली, त्याचा तपास करताना पोलिसांनी ओढ्याकाठी खणलं, तर पुरलेले १९ भ्रूण निघाले. त्यानंतर जे व्हायचं ते झालं. पथकं, तपासण्या, मोर्चे, विधिमंडळात प्रश्न, आणि तक्ते. डॉक्टर रात्री उशिरापर्यंत तक्ते तपासत बसायचे. त्यांच्या एका जवळच्या सहकाऱ्यानं सांगितलेली गोष्ट अशी की, त्या दिवसांत ते एकदाच मोठ्यानं बोलले. म्हणाले, माणच्या पोरीला निदान रजिस्टरात एक ओळ होती. नाव वाईट का असेना, खोडायला, बदलायला, भांडायला काहीतरी होतं.

त्याच वर्षी त्यांनी आढावा बैठकीत एक प्रश्न विचारायला सुरुवात केली. तालुक्याचे डॉक्टर उभे राहून वाचायचे, "मातामृत्यू एक." साहेब विचारायचे, "नाव काय?" समोर कागदांची चाळवाचाळव. "लसीकरणापासून वंचित, नऊ." "त्यातली दोन नावं सांगा." सुरुवातीला लोकांना वाटलं, साहेबांचा आज मूड नाही. दोन-तीन बैठकांनंतर कळलं की हा कायमचा त्रास आहे. पाठीमागं त्यांना 'नामदेव महाराज' म्हणायला लागले. हे त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही असावं.

प्रश्नाचा उपयोग काय, ते एका उसाच्या हंगामात दिसलं. साखर कारखान्यांच्या भागात ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात, बीडकडची कुटुंबं लेकराबाळांसह येतात आणि आज इथं तर पंधरा दिवसांनी तिथं. एका तालुक्याचा अहवाल होता, 'स्थलांतरित बालके १४, लसीकरण पूर्ण १४'. शंभर टक्के. साहेबांनी नावं मागितली. नावं आणायला माणूस कोप्यांवर गेला तेव्हा कळलं की दोन उपकेंद्रांनी तीच पाच पोरं दोनदा मोजली होती, आणि ओढ्यापलीकडच्या कोप्यांतली सहा कुणीच मोजली नव्हती. आकडा दिसायला जवळपास बरोबर होता, पोरं भलतीच होती. साहेब रागावले नाहीत. दुहेरी नोंदीनं काय होतं यावर त्यांनी तेच व्याख्यान दिलं जे कधीकाळी माणच्या उपकेंद्रावर दिलं होतं. फरक इतकाच की या खेपेला शेवटी विचारलं, "ती सहा कुठली? आजच्या आज कोण जातंय?"

मात्र नावाचं हे वेड आंधळं नव्हतं. मार्च २०२० मध्ये इस्लामपूरला सौदीहून आलेल्या एका कुटुंबातले चार जण कोरोनाबाधित निघाले आणि आठवडाभरात आकडा वीसच्या पुढं गेला. सगळ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडं. त्या काळात जिकडंतिकडं बाधितांच्या नावांच्या याद्या मोबाइलवर फिरायच्या, लोक शेजाऱ्याचं दार बंद करायला जायचे. तेव्हा याच साहेबांनी आपल्या माणसांना बजावलं होतं की यादी टेबलाबाहेर गेली तर माझ्याशी गाठ आहे. कुणीतरी धीर करून म्हटलं, "साहेब, एरवी तर तुम्ही नावं मागता." ते म्हणाले, "मी मागतो ते त्याच्या दारात औषध न्यायला. हे मागतात ते दारावर दगड मारायला."

निवृत्तीच्या आधीची शेवटची आढावा बैठक. एक तरुण डॉक्टर उभ्या राहिल्या, नुकत्याच तालुक्याला आलेल्या. कागद न बघता बोलत होत्या. जोखमीच्या गरोदर माता सात, एकेकीचं नाव, गाव, कितवा महिना, हिमोग्लोबिन किती, नेणारी गाडी कुणाची. घरी झालेली प्रसूती एक, बाळ-बाळंतीण खुशाल, मुलगी आहे, अजून नाव ठेवलेलं नाही. सभागृहात शांतता. बाकीचे तालुके मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होते.

साहेब अहवालावर पेन्सिल फिरवत होते.

"बेरीज चुकली, डॉक्टर."

"सर?"

"जिवंत जन्म बेचाळीस लिहिलेत. तुमच्याच रकान्यांची बेरीज एक्केचाळीस येते."

बाईंनी कागद पाहिला, मनात मोजलं, लाजल्या. "सर, ती घरी झालेली मुलगी. आज पहाटेची आहे. इथं निघता निघता फोन आला. राहू नये म्हणून बेरजेत धरली."

"अहवाल कधीपर्यंतचा?"

"कालपर्यंतचा."

"मग पुढच्या महिन्यात धरा." त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "बारशाचं आमंत्रण आहे का?"

"आहे, सर."

"जा मग. आणि नाव आईला विचारून ठेवतायत का, तेवढं बघा. हं, पुढचा तालुका."